मेरीलँडच्या मॉन्टगोमरी काउंटीत शाळेची हद्द (कोणत्या भागातली मुलं कोणत्या शाळेत जातील ती आखणी) बदलताना पालकांनी शिक्षण मंडळापुढे (बोर्डापुढे) काय मांडावं?

घराची किंमत पडेल, हे नको. तो निकषच नाही. बोर्डाच्या हद्दीविषयीच्या धोरणातले निकष चार: विद्यार्थ्यांची सामाजिक रचना, भौगोलिक जवळीक, मुलांची शाळा वारंवार न बदलणं आणि इमारतीचा वापर (क्षमतेच्या 80 ते 100 टक्के). नव्या हद्दीच्या प्रत्येक पर्यायात आपला भाग कुठे जातो ते पाहून याच भाषेत बोला. बस साधारणपणे प्राथमिकला 1, मिडलला 1.5 आणि हायस्कूलला 2 मैलांपलीकडेच मिळते. त्यामुळे पायी येणारी मुलं नव्या आखणीत बसवर जाणार असतील, तर तो मुद्दा वजनदार ठरतो.

पालक हमखास गल्लत करतात ती मॅग्नेटबाबत, म्हणजे निवडक मुलांसाठीच्या खास अभ्यासक्रमाबाबत. मॉन्टगोमरी ब्लेअर हायस्कूलच्या हद्दीत घर घेतलं म्हणून तिथल्या मॅग्नेटमध्ये प्रवेश मिळत नाही. अर्ज आणि निवड वेगळी.