रात्री नऊचं पाठांतर बंद करा

प्रश्न : मुलगी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पॅथॉलॉजीच्या इंटर्नलला (कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेला) 100 पैकी 38 मिळाले, रक्ताच्या भागातच सगळे गुण गेले. मी विज्ञान शिक्षक आहे. रोज रात्री 9 वाजता व्हिडिओ कॉलवर तिच्याकडून अ‍ॅनिमियाचे प्रकार म्हणून घेतो, तरी पेपरात चुकते. हल्ली ती मेसला जात नाही, दिवाळीलाही घरी आली नाही. तिला हिमॅटॉलॉजिस्ट (रक्तविकारतज्ज्ञ) करायचं आमचं ठरलं आहे. 45 हजारांचा ऑनलाइन क्लास लावू का? उत्तरपत्रिकेचा फोटो सोबत जोडला आहे. – एक पालक, जळगाव जिल्हा

उत्तर : क्लास लावू नका. तुमच्या पत्रात मला गुणांपेक्षा मेसची आणि दिवाळीची ओळ जास्त खटकली, आणि ती तुम्ही जाता जाता लिहिली आहे. वीस वर्षांची मुलगी दिवसभर लेक्चर, वॉर्ड, प्रॅक्टिकल करून हॉस्टेलवर येते आणि रात्री वडिलांसमोर तोंडी परीक्षा देते, तीही रूममेटच्या देखत. ती घरी का आली नाही, याचं उत्तर बहुधा यातच आहे. 'आमचं ठरलं आहे' असं तुम्ही लिहिता, पण अख्ख्या पत्रात तिचं स्वतःचं एक वाक्य नाही.

आजचा कॉल करा, पण अभ्यासाचं नाव काढू नका. जेवलीस का, झोप होते का, एवढंच विचारा आणि ती बोलेल तेवढं ऐका. जेवण-झोप बिघडून दोन आठवडे झाले असतील, तर तिला कॉलेजमधल्या मेंटॉरशी किंवा तिथल्याच मानसोपचार ओपीडीत बोलायला सांगा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो, तोही तिला द्या. दिलात, की 'फोन केलास का?' म्हणून मागे लागू नका.

आता उत्तरपत्रिका. तिला येत नाही असं अजिबात नाही. प्रकारांची यादी तिने बिनचूक लिहिली आहे. गुण गेलेत ते केसच्या प्रश्नात : 24 वर्षांची, 8 आठवड्यांची गरोदर स्त्री, हिमोग्लोबिन 10.8, एमसीव्ही (तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान) 62, तांबड्या पेशी 58 लाख, आरडीडब्ल्यू (पेशींच्या मापातली तफावत) 14.5. तिने लिहिलं, 'लोहाची कमतरता, लोहाच्या गोळ्या द्याव्यात.' पेशी लहान आणि फिकट म्हणजे लोह कमी, हा गैरसमज फार खोल रुजलेला आहे. लोह कमी पडलं की हाडातल्या मज्जेकडे, जिथे रक्तपेशी बनतात, कच्चा मालच नसतो, म्हणून पेशी लहान होतात आणि त्यांची संख्याही घटते. कमतरता हळूहळू वाढत जाते, त्यामुळे रक्तात जुन्या बऱ्या आणि नव्या बारीक पेशींची सरमिसळ दिसते आणि आरडीडब्ल्यू चढतो. इथे मात्र पेशी लहान असूनही संख्येने भरपूर आहेत आणि जवळपास एकाच मापाच्या आहेत. एमसीव्ही 62 ला पेशींच्या संख्येने, म्हणजे 5.8 ने (58 लाख म्हणजे 5.8 दशलक्ष), भागलं की 10.7 येतात. हा आकडा 13 च्या खाली असला की आधी बीटा थॅलेसेमिया मायनरचा, म्हणजे हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक दोषाचा नुसता वाहक असण्याचा, विचार करायचा. निदान त्यावर करायचं नाही. त्यासाठी फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी) आणि एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे मोजणारी तपासणी) हवं. एचबीए2 (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) साडेतीन टक्क्यांच्या वर गेलं, तर ती वाहक. फेरिटिन कमी असेल तर एचबीए2 खोटं खाली येऊ शकतं, हेही ध्यानात ठेवायचं. गरोदरपणातल्या नेहमीच्या लोहाच्या गोळ्या बंद करायच्या नसतातच. पण 'लोह कमी' म्हणून फाइल मिटली की नवऱ्याची तपासणी राहून जाते. तोही वाहक निघाला, तर दर गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर हा गंभीर आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते, आणि गर्भाच्या तपासणीसाठी हातात आठवडे मोजकेच असतात. परीक्षकाने गुण यासाठी कापलेत.

यादी म्हणून घेतल्याने हे येत नाही. वॉर्डातले किंवा लॅबमधले वीस सीबीसी (रक्तपेशींच्या मोजणीचे) रिपोर्ट, नावं झाकून, तिने एका मैत्रिणीबरोबर वाचावेत. क्रम एकच : आधी एमसीव्ही, मग रेटिक (नव्या तांबड्या पेशींचं प्रमाण), मग स्मिअर (काचपट्टीवर पसरलेलं रक्त). रेटिकचा आकडा तसाच घ्यायचा नाही. हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा टक्का) 15 असताना रेटिक 6 टक्के दिसला, तर 6 गुणिले 15 भागिले 45 (नेहमीचा हिमॅटोक्रिट), म्हणजे खरा 2 टक्केच. मज्जा जोरात काम करते आहे असं वाटतं, प्रत्यक्षात ती गरजेला पुरी पडत नसते. प्रॅक्टिकलला स्मिअर शेपटाकडे, म्हणजे पातळ टोकाला, वाचला, की पेशी चपट्या होऊन मधला फिकट भाग जातो आणि सगळीकडे स्फेरोसाइट (गोळ्यासारख्या पेशी) दिसायला लागतात. जाड भागात रुलो (नाण्यांच्या चळतीसारख्या चिकटलेल्या पेशी) दिसतात. वाचायचं ते पेशी एकमेकींना जेमतेम टेकतात तिथे. व्हायव्हात हमखास येणारा एक प्रश्नही तिने पक्का करावा : सिकल सेल या आनुवंशिक रक्तविकाराची सोल्युबिलिटी टेस्ट पॉझिटिव्ह आली, तरी माणूस वाहक आहे की रुग्ण, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस लागतं. सिकल जास्त आढळणाऱ्या नंदुरबार किंवा गडचिरोलीत पोस्टिंग मिळालं, तर याची गरज रोज पडेल.

हिमॅटॉलॉजिस्ट व्हायचा रस्ता एका ओळीत : एमबीबीएस, मग मेडिसिन, पीडियाट्रिक्स किंवा पॅथॉलॉजीत 3 वर्षांचं एमडी, मग नीट-एसएस ही प्रवेशपरीक्षा देऊन 3 वर्षांचं डीएम (सुपरस्पेशालिटी पदवी). हा निर्णय इंटर्नशिपनंतरचा आहे आणि तिचा आहे. ल्युकेमियाच्या पेशंटजवळ रात्र काढणं तिला जमेल की मायक्रोस्कोपपाशी बसणं आवडेल, हे वॉर्ड पाहिल्याशिवाय तिलाही सांगता येणार नाही. तुम्ही तर ते आत्ताच ठरवून टाकलंत.

इंटर्नलचे गुण सुधारण्याची संधी कॉलेजात असते. तारखा आणि नियम तिने विभागात जाऊन विचारावेत, तुम्ही विभागप्रमुखांना फोन करू नये. पुढचं पत्र तिला लिहावंसं वाटलं, तर तिने लिहावं. ते तुम्हाला दाखवायची गरज नाही.