‘वसाहतीचे स्वराज्य’ म्हणजे कोणाचे स्वराज्य?

एका वाचकाने विचारले आहे: “१९३०च्या आसपासच्या मराठी मजकुरात ‘वसाहतीचे स्वराज्य’ असा प्रयोग वारंवार भेटतो. वसाहत म्हणजे परक्यांच्या ताब्यातला मुलूख असेल, तर तिला स्वराज्य कसे? आणि भारताला ‘ब्रिटिशांची माजी वसाहत’ म्हणणे बरोबर आहे का?”

‘वसाहत’ हा शब्द ‘वसणे’ या क्रियापदाच्या कुळातला आहे. ‘पोलीस वसाहत’ किंवा ‘औद्योगिक वसाहत’ अशी पाटी वाचताना कोणाच्याही मनात गुलामगिरी येत नाही. माणसे कुठून तरी आली आणि इथे राहू लागली, एवढेच मनात येते. युरोपीय भाषांतल्या मूळ शब्दाचीही हीच गोष्ट आहे. लॅटिनमधला ‘कोलोनिया’ हा शब्द जमीन कसणे या अर्थाच्या धातूपासून निघाला असून, जिंकलेल्या मुलखात रोमन लोकांनी वसवलेल्या गावाला तो लावत असत. जर्मनीतल्या कलोन शहराच्या नावात तो अजून टिकून आहे. तेव्हा मराठी प्रतिशब्द व्युत्पत्तीच्या दृष्टीने अचूक आहे. अडचण आहे ती मूळ शब्दातच. तो सारी हकिकत येऊन वसलेल्यांच्या बाजूने सांगतो, आणि जे आधीपासून तिथे राहत होते त्यांना त्यात जागाच ठेवत नाही.

भारतात इंग्रज वसायला आले नाहीत, राज्य करायला राहिले. खुद्द त्यांच्या कायद्यानेही हा भेद पाळला होता. १८८९च्या ब्रिटिश ‘इंटरप्रिटेशन ॲक्ट’मध्ये वसाहतीची जी व्याख्या आहे, तिच्यातून ब्रिटिश हिंदुस्थान स्पष्टपणे वगळलेला आहे, आणि लंडनमध्ये हिंदुस्थानचा कारभार वसाहत खात्याकडे नव्हे, तर स्वतंत्र ‘इंडिया ऑफिस’कडे होता. कायद्याच्या काटेकोर अर्थाने, म्हणजे, आपण वसाहत नव्हतोच. पारतंत्र्य मात्र पुरेपूर होते.

आता ‘वसाहतीचे स्वराज्य’. हा ‘डोमिनियन स्टेटस’चा मराठी पर्याय. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या देशांना साम्राज्यात राहून जो स्वयंशासनाचा दर्जा मिळाला होता, त्याला हे नाव पडले. ‘वसाहतीचे’ म्हणजे येथे ‘वसाहतींना मिळाले तसे’, आणि ते मिळाले होते प्रामुख्याने येऊन वसलेल्या गोऱ्यांना. १९१०मध्ये दक्षिण आफ्रिकेचे संघराज्य झाले, तेव्हा तिथली बहुसंख्य काळी प्रजा त्या स्वराज्याच्या बाहेरच राहिली. म्हणून हा शब्दप्रयोग नीट फोडून वाचला की वाचकाला खटकलेला विरोध नाहीसा होतो आणि त्याहून मोठा, दुःखद विरोध समोर येतो.

मराठी माणसाला तो अधिकच जाणवावा, कारण ‘स्वराज्य’ हा आपल्याकडे शिवकाळापासूनचा, सार्वभौम सत्तेचा अर्थ सांगणारा शब्द आहे. ‘वसाहतीचे’ या विशेषणाने त्याची उंची कमी केली. मोतीलाल नेहरू समितीने १९२८च्या अहवालात याच दर्जाची मागणी केली होती. डिसेंबर १९२९च्या लाहोर काँग्रेसने ती मागे टाकून ‘पूर्ण स्वराज्य’ हे ध्येय ठरवले आणि २६ जानेवारी १९३० हा दिवस त्यासाठी पाळला गेला. ज्या शब्दात पूर्णत्व गृहीतच होते, त्याला ‘पूर्ण’ असे वेगळे म्हणावे लागले, हीच माझ्या मते या साऱ्या प्रकरणातली सर्वांत बोलकी गोष्ट आहे. १५ ऑगस्ट १९४७ ते २६ जानेवारी १९५० या काळात आपण कायद्याने ‘डोमिनियन’च होतो, हे येथे जाता जाता नोंदवतो.

नाव बदलून पारतंत्र्य झाकण्याचा प्रयत्नही झाला. पोर्तुगालने १९५१मध्ये राज्यघटना दुरुस्त करून आपल्या वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ म्हणायला सुरुवात केली. गोवा हा पोर्तुगालचाच भाग असल्याने तिथे स्वातंत्र्याचा प्रश्नच उद्भवत नाही, असा त्यामागचा दावा होता. १९६०मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तो मानला नाही. १९ डिसेंबर १९६१ला गोव्यातली पोर्तुगीज सत्ता संपली, आणि त्या दिवसाला आपण ‘मुक्तिदिन’ म्हणतो, ‘स्वातंत्र्यदिन’ नव्हे. वेगळे राष्ट्र न होता, परक्या अमलातून सुटून आपल्या देशात येणे, ही छटा ‘मुक्ती’ने नेमकी पकडली आहे.

वाचकाच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातूनच निघते. ‘वसाहतवाद’ हा शब्द शासनपद्धतीचे नाव म्हणून रुळला आहे आणि तो भारतालाही लागू पडतो. तो बदलण्याचे कारण नाही. ‘माजी वसाहत’ मात्र मी लिहिणार नाही. ‘माजी’ हे विशेषण पद सोडलेल्या व्यक्तीला शोभते, देशाला नाही. ‘पूर्वी ब्रिटिश अमलाखाली असलेला देश’ हे लांब असले तरी खरे आहे. दक्षिण आफ्रिकेविषयी लिहिताना तर ‘स्वराज्य’ म्हणण्यापूर्वी साल पाहावे: १९१०चे की सर्व वर्णांच्या नागरिकांनी प्रथमच एकत्र मतदान केले त्या १९९४चे.