दुबळ्या देशाच्या सैन्याला मदत करताना योजना कशी आखतात?

तुम्ही विचारलंय की मोठा देश दुबळ्या देशाच्या सैन्याला मदत करतो तेव्हा कोणाला काय द्यायचं हे ठरतं कसं. माझं वाचन मुख्यतः अमेरिकेबद्दलचं आहे, कारण तिथले हिशेब तपासणीचे अहवाल वाचायला मिळतात. उदाहरणंही तिथलीच देतो.

कागदावर क्रम सरळ आहे. मदत कोणाला द्यायची यात परराष्ट्र खात्याचा शब्द मोठा, ती पोहोचवायचं काम संरक्षण खात्याचं, आणि पैसा काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकी संसदेचा. दूतावासात बसलेले लष्करी अधिकारी स्थानिक सैन्याशी बोलून गरजांची यादी तयार करतात. रोकड सहसा हातात पडत नाही; अनुदानातून बहुतेक वेळा अमेरिकन मालच घ्यावा लागतो. शिवाय लेही कायद्यानुसार ज्या तुकडीवर मानवी हक्कांच्या गंभीर उल्लंघनाचे विश्वासार्ह आरोप असतील तिला मदत मिळत नाही.

खरी मेख पुढे आहे. यादीत काय चढतं हे घेणाऱ्याच्या गरजेइतकंच देणाऱ्याच्या राजकारणावरही ठरतं. अफगाण हवाई दलाचं बघा. तिथले वैमानिक आणि मेकॅनिक वर्षानुवर्षं रशियन बनावटीच्या एमआय-17 हेलिकॉप्टरवर तयार झालेले. देखभालीचं बरंचसं काम ते स्वतःच करत. पण 2014 मध्ये रशियाने क्रिमिया घेतल्यावर रशियन माल घेणं वॉशिंग्टनला अवघड झालं, आणि त्यांच्या जागी अमेरिकन बनावटीचं ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर द्यायचं ठरलं. उंच डोंगराळ भागात ते एमआय-17 एवढा भार उचलत नाही, आणि त्याच्या देखभालीसाठी परदेशी कंत्राटदार लागले. 2021 मध्ये कंत्राटदार निघून गेले तेव्हा हवाई दलाचा कणाच मोडला.

म्हणजे ब्लॅक हॉक वाईट, असं नाही. कोलंबियात 2000 पासून प्लॅन कोलंबियाखाली (बंडखोर आणि अमली पदार्थांच्या टोळ्यांविरुद्धची अमेरिकी मदत योजना) दिलेली तीच हेलिकॉप्टरं उपयोगी पडली. फरक हा की तिथल्या सरकारने 2002 मध्ये आपल्याच श्रीमंतांवर संपत्ती कर लावून युद्धखर्चाचा मोठा वाटा स्वतः उचलला, आणि हेलिकॉप्टरं चालवण्या-दुरुस्त करण्याचं काम टप्प्याटप्प्याने आपल्या माणसांकडे घेतलं. म्हणून माझ्या मते योजनेतला पहिला प्रश्न असा हवा: मदत थांबल्यावर तेल, सुटे भाग आणि पगार कोण देणार? बहुतेक योजनांत तो शेवटी येतो. हेलिकॉप्टर सोपवतानाचा फोटो छापून येतो, सुट्या भागांच्या गोदामाचा कोण छापतो!

पगाराचा भाग तर त्याहून किचकट. जून 2014 मध्ये इराकच्या मोसुल शहरात इस्लामिक स्टेटच्या हल्ल्यापुढे इराकी सैन्य काही दिवसांत कोसळलं. त्याच वर्षाअखेरीस पंतप्रधान हैदर अल-अबादी यांनी संसदेत सांगितलं की पगारपत्रकावर 50,000 खोटे सैनिक सापडले. नावं कागदावर, पगार अधिकाऱ्यांच्या खिशात. कितीही प्रशिक्षक पाठवा, हजर नसलेल्या माणसाला कोण शिकवणार? हे आधी कळायचं तर त्या देशाच्या संरक्षण मंत्रालयाची पगाराची वही उघडावी लागते, आणि रायफली आनंदाने घेणारे मंत्रीसुद्धा ती सहसा कोणाला दाखवत नाहीत.