नवीन मॅडम, टॅब वाटायच्या आधी एवढं करा

मॅडम, जतकडं रुजू झालात, टॅबपण मिळाले, भारीच! पण लगेच धा ॲप टाकू नका, बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड दीक्षा या सरकारी शिक्षणाच्या ॲपवर उघडतात, पहिलं सत्र तेवढ्यावरच काढा आणि व्हिडिओ आदल्या रात्रीच डाऊनलोड करा, रेंजच्या भरवशावर तास नको.

नवीन लोकांच्या नेहमीच्या चुका:
- सगळ्या पोरांना एकच पासवर्ड
- ग्रुपवर पोरांचे फोटो नावासकट, पालकांना न विचारता

आणि ओटीपी. आमच्या पाचवीतल्या पोरीनं, आई रानात असताना, फोनवरच्या माणसाला सहाच्या सहा आकडे वाचून दाखवलेले, हुशार पोरगी ओ, मला फार लागलं ते. आता मी वर्गात नाटकच करून घेतो, एकजण बँकवाला, एकजण आई. 1930 हा सायबर हेल्पलाईनचा नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या, पैसे गेले की तासाभरात फोन लावायला सांगा. बिनधास्त सुरू करा, अडलं तर विचारा.