वाचकांचे प्रश्न : मॉसखालचे इवलेसे कोळी

प्रश्न : मायक्रोहेक्झुरा हा कोळी जेमतेम तीन-चार मिलिमीटरचा. तरी त्याला टॅरँटुला या मोठ्या केसाळ कोळ्यांच्या गोतावळ्यात का बसवतात?

उत्तर : आकारावर जाऊ नका, विषदंत बघा. बहुतेक कोळ्यांचे विषदंत चिमट्यासारखे आडवे मिटतात. मायगॅलोमॉर्फ गटात ते समांतर असतात आणि कुदळीसारखे वरून खाली येतात. टॅरँटुला आणि मायक्रोहेक्झुरा दोघेही याच गटातले. भिंगातून बघताना तीन खुणा शोधा : डोक्याच्या पुढे बरेच आलेले जबडे, पोटाच्या टोकाला सूत काढणाऱ्या अवयवांची एक खूप लांब जोडी आणि पोटाखाली पुस्तक-फुप्फुसांची (पुस्तकाच्या पानांसारखे थर असलेल्या श्वसन-अवयवांची) दुसरी जोडी, जी फिकट ठिपक्यांसारखी दिसते. रंग पिवळसर ते लालसर तपकिरी आणि पोटावर नक्षी नाही, त्यामुळे रंगावरून ओळखायला गेलात तर फसाल. मायक्रोहेक्झुरा वंशात दोनच जाती आहेत. मॉन्टिव्हागा अमेरिकेच्या पूर्वेकडील दक्षिण ॲपलेशियन पर्वतात आणि आयडाहोआना वायव्येकडे. 2020 मध्ये डीएनएच्या आधारे त्यांचे स्वतंत्र कुल मानले गेले.

प्रश्न : मॉन्टिव्हागा संकटात असण्याचे कारण झाडांवरची कीड आहे, असे वाचले. कोळी तर जमिनीवर राहतो. मग संबंध काय?

उत्तर : संबंध सावलीचा आहे. हा कोळी साधारण 1,645 मीटरच्या वर, फ्रेझर फर आणि रेड स्प्रूस या सूचिपर्णी झाडांच्या जंगलात, खडकावरच्या मॉसच्या (मऊ, हिरव्या शेवाळाच्या) थराखाली नळीसारखे जाळे विणतो. मॉस ओलसर हवे, पण पाण्याचा निचरा होणारे. कोरडे पडले तर त्याच्या शरीरातले पाणी निघून जाते, आणि पाण्याचे मोठे थेंबही त्याला घातक ठरतात. हा तोल झाडांची छत्री सांभाळते. बाल्सम वूली ॲडेल्जिड ही युरोपातून आलेली कीड 1957 मध्ये याच पर्वतातल्या माउंट मिचेल शिखरावर आढळली. मिलिमीटरपेक्षा लहान हा किडा सालीतून रस शोषतो. त्याच्या लाळेमुळे लाकूड वेडेवाकडे वाढते, पाणी वर चढत नाही आणि फर काही वर्षांत मरतो. मग ऊन थेट खडकावर पडते आणि मॉस सुकून सुटते. कीटकनाशक साबणाची फवारणी उपयोगी आहे, पण पंप पोचेल तेवढ्याच झाडांवर. सगळ्या डोंगरावर ती करता येत नाही.

नुकसान भरून निघायलाही वेळ लागतो. मादी जूनमध्ये सात ते नऊ अंडी घालते, पिल्ले सप्टेंबरमध्ये बाहेर पडतात आणि प्रौढ व्हायला बहुधा तीन वर्षे लागतात. शिखरांमधल्या दऱ्या उबदार आहेत, त्यामुळे एका डोंगरावरची संख्या संपली तर शेजारून भर पडेल यावर विसंबता येत नाही. आमच्या मते खरी काळजीची बाब हीच आहे. निरनिराळ्या डोंगरांवरचे समूह आनुवंशिकदृष्ट्याही वेगळे निघाले आहेत.

प्रश्न : फिरायला गेल्यावर मॉस उचलून हा कोळी पाहता येईल का?

उत्तर : नाही. फेब्रुवारी 1995 पासून तो अमेरिकेत संघराज्याच्या कायद्याने संकटग्रस्त जाहीर आहे. शोध घ्यायचा तर परवाना लागतो. अभ्यासकही थराची फक्त कड अलगद उचलतात, आतली नळी पाहतात आणि थर होता तसाच खडकाला चिकटवून ठेवतात. कडेला फट राहिली तर वारा खालून शिरतो आणि तुकडा वाळून गळून पडतो. तुम्ही पायवाटेवर राहा आणि मॉसने झाकलेल्या खडकांवर चढू नका.