घडीची सायकल घेताय? आधी जिना चढून बघा

डोंबिवली ते दादर लोकल आणि पुढे सायकल असा बेत असेल, तर गिअर किती हे नंतर बघू. दुकानात सायकलची घडी घाला, एका हातात उचला आणि दोन मजले चढा. बारा किलो कागदावर काहीच वाटत नाहीत, पण दादरच्या पुलावर मागून लोंढा ढकलत असताना तेच बारा किलो वीस होतात!

चाक 20 इंची घ्या, असं माझं मत. ब्रॉम्प्टन कंपनीच्या 16 इंची सायकलची घडी सुरेख, अगदी आटोपशीर. पण तिचा 349 मापाचा (म्हणजे टायर बसतो तिथे रिमचा व्यास 349 मिलिमीटर) टायर नाक्यावरच्या सायकलवाल्याकडे मिळणं कठीण. 20 इंचांतही 406 आणि 451 अशी दोन मापं असतात. टायरच्या कडेला छापलेलं वाचा, 406च घ्या. बीएमएक्सला, म्हणजे कसरतीच्या छोट्या सायकलींना, तेच लागतं, म्हणून ट्यूब सापडते. टायर जरा रुंद हवा, कारण लहान चाक खड्ड्यात जास्त आपटतं.

घडी घातल्यावर चेन आत जाते की बाहेर राहते, तेही बघा. माझी पहिली सायकल चेन बाहेरची. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या काकांच्या पांढऱ्या पँटवर काळी रेघ उमटली, ठाण्यापर्यंत ऐकून घेतलं. तेव्हापासून घडीवर जुनी चादर शिवून केलेली खोळ चढवतो.

बिजागरीची कडी रोज निघताना हलवून बघा. ढिली वाटली तर चालवू नका. आणि साडेआठच्या फास्टचा नाद सोडा, सातची स्लो पकडा.