आपल्यातले उपजत गुण कसे ओळखायचे आणि वाढवायचे?

नोकरी आहे, पण आपल्यात खास काही आहे की नाही तेच कळत नाही, असं तुम्ही विचारलंय. मी नागपूरचाच, म्हणून आधी आपल्या शहराबद्दल बोलतो. दिव्या देशमुख 2025 मध्ये बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली, तेव्हा जो तो म्हणाला, पोरगी जन्मजात हुशार. पण त्याआधी 2014 मध्ये ती 10 वर्षांखालील, 2017 मध्ये 12 वर्षांखालील आणि 2024 मध्ये 20 वर्षांखालील मुलींची जगज्जेती झाली होती. एवढ्या वर्षांची मेहनत 'जन्मजात' या एका शब्दात मावत नाही.

आता तुमचं. लोक न सांगता कोणतं काम घेऊन तुमच्याकडे येतात ते बघा. मंडळाचा हिशेब? मारबतीच्या मिरवणुकीतल्या बडग्यांसाठी, म्हणजे त्या पुतळ्यांसाठी, चुरचुरीत घोषणा? घरातलं भांडण मिटवणं? स्वतःला सोपं वाटतं म्हणून आपण त्याला गुण मानतच नाही, आणि बहुतेक वेळा तो तिथेच असतो. ऑनलाइन चाचण्यांपेक्षा मला ही खूण जास्त भरवशाची वाटते.

वाढवायचं कसं, तर नुसते तास घालवून नाही. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन यांनी 1993 मध्ये व्हायोलिनवादकांच्या अभ्यासातून हेच मांडलं: आपली कच्ची बाजू निवडायची, तेवढ्यावरच सराव करायचा आणि जाणकाराकडून चुका समजून घ्यायच्या. त्यामुळे आधी एक गुरू शोधा. महागडा क्लासच हवा असं नाही, तुमच्याहून थोडा पुढे असलेला आणि स्पष्ट बोलणारा माणूसही चालेल.